क्रीडा, विजिगीषा, व्यवहार

पाणिनीय परंपरेंतला धातुपाठ ज्यांनीं लहानपणीं घोकला असेल, त्यांस चौथ्या गणांतला ‘दिव्’ हा धातु आठवत असेल. या एका धातूचे तेथें दहा अर्थ सांगितले आहेत. पहिला क्रीडा, म्हणजे खेळणें; दुसरा विजिगीषा, म्हणजे जिंकण्याची इच्छा; तिसरा व्यवहार, म्हणजे देवघेव. त्यांमागून तेज, स्तुति, आनंद, मद, निद्रा, अभिलाष आणि गति हे सात अर्थ येतात. ‘देव’ हा शब्द याच धातूपासून निघाला आणि ‘द्यूत’ हाहि याच धातूपासून निघाला. पाठशाळेंत असतांना आम्हांस या यादीचें हसूं येई. एकाच धातूच्या पोटांत खेळ, बाजार, स्तुति आणि झोंप हीं कशीं नांदतात हें कळत नसे. आतां वृत्तपत्राचें शेवटचें पान उघडलें कीं कळतें. मूल खेळूं लागतें. त्यांत जिंकण्याची इच्छा शिरते. तिच्यामागून पैसा येतो. पैशामागून झगमगाट आणि स्तुतिपाठक येतात. आणि अखेरीस मद चढतो. आधुनिक खेळांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास याहून चांगली अनुक्रमणिका मिळणें कठीण.

या विषयाकडे आम्ही वळलों त्यास कारण एका वाचकभगिनीचें पत्र. त्यांचें कुटुंब डोंबिवलीस राहतें. घरांत सासूसासरे, दोन दीर, जावा आणि पांच मुलें आहेत. त्यांतला तेरा वर्षांचा पुतण्या क्रिकेट बरें खेळतो. त्याला मुंबईच्या मैदानावर सरावास धाडावें असें त्याच्या वडिलांचें म्हणणें. शालान्त परीक्षा होईपर्यंत खेळ बंद, असें आजोबांचें म्हणणें. मुलाची आई पहांटे चारला उठून डबा करते आणि दोघांच्या मध्यें मुकाट्यानें उभी राहते. जाऊबाईंच्या वतीनें आमच्या पत्रलेखिका विचारतात, “खेळापायीं घरानें किती द्यावें?” असला प्रश्न आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत कित्येक घरांत वावरत असेल, म्हणून त्याचें उत्तर दोन ओळींत न देतां येथें सविस्तर देत आहों.

खेळाचा जमाखर्च पाहावयाचा तर एखादें वर्ष समोर धरावें. आम्ही इ. स. २०१६ हें वर्ष धरतों. कारण त्या एका वर्षांत आमच्या प्रांतीं या विषयाचीं बहुतेक सारीं अंगें उघडीं पडलीं.

४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजीं कल्याणच्या वायलेनगर भागांतील मैदानावर भंडारी चषकाचा एक आंतरशालेय सामना झाला. त्यांत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें नाबाद १००९ धांवा केल्या. एका फलंदाजानें एका डावांत सहस्र धांवा केल्याची नोंद क्रिकेटच्या इतिहासांत त्यापूर्वीं कोठेंहि नव्हती. १८९९ सालीं इंग्लंडांतील क्लिफ्टन कॉलेजांत ए. ई. जे. कॉलिन्स नांवाच्या तेरा वर्षांच्या मुलानें नाबाद ६२८ धांवा केल्या होत्या. तो विक्रम पहिल्याच दिवशीं मागें पडला. प्रणवचे वडील कल्याणांत रिक्षा चालवीत. बेताच्या मिळकतीच्या घरांतील मुलानें साऱ्या जगाची मान आपल्या गांवाकडे वळविली, याचा महाराष्ट्रास आनंद झाला आणि तो योग्यच होता. दोन दिवस चित्त विचलित होऊं न देतां खेळत राहणें हें सोपें काम नाहीं. त्या मुलाच्या कर्तृत्वास उणेपणा आणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं.

परंतु आम्ही मास्तर. आंकडे दिसले कीं बेरीज करण्याची खोड जात नाहीं. त्या डावांत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. म्हणजे ८७० धांवा चेंडू सीमेपार गेल्यानें मिळाल्या, आणि धांवून काढलेल्या धांवा अवघ्या १३९. संघानें तीन गडी बाद १४६५ वर डाव सोडला. प्रतिपक्षी आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धांवांत आटोपले. म्हणजे विजय एक डाव आणि १३८२ धांवांनीं! त्या शाळेचीं मोठीं मुलें परीक्षेच्या अभ्यासामुळें आलीं नव्हतीं, आणि मैदानावर उभीं होतीं तीं पुष्कळशीं बारातेरा वर्षांचीं होतीं, असें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें. मैदानाची एक बाजूहि फार आंखूड होती.

आमचा प्रश्न फलंदाजास नाहीं. तो भोंवतालच्या वडील माणसांस आहे. पहिला दिवस मावळला तेव्हां सामन्याचा निकाल काय लागणार याविषयीं शंका उरली नव्हती. दुसऱ्या दिवशीं खेळ पुढें चालविला तो केवळ आंकड्यासाठीं. तोंपर्यंत वार्ताहर आणि कॅमेरे येऊन पोंचले होते. त्या अकरा लहान मुलांनीं दोन दिवस चेंडू आणून देण्यापलीकडे काय शिकावें अशी अपेक्षा होती? १९८८ सालीं आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनीं ६६४ धांवांची भागी केली. डाव सोडा असा निरोप बाहेरून येत होता आणि मुलें तिकडे पाहण्याचें टाळीत होतीं, ही हकीकत पुढें सर्वतोमुखीं झाली. मुलांनीं निरोप टाळणें हें त्यांच्या वयास शोभतें. निरोप देणारा वडील मनुष्य मात्र सीमारेषेवर असावा लागतो. शाळेचा खेळ हा शिक्षणाचा भाग आहे असें आपण म्हणतों; तर मग प्रतिपक्षाचीं मुलेंहि विद्यार्थीच आहेत, हें ज्याला दिसतें तोच तेथें शिक्षक. क्रीडेंतून विजिगीषेंत आणि विजिगीषेंतून स्तुतींत पाऊल किती सहज पडतें, याचें हें उदाहरण होय.

स्तुतीचा ओघहि पाहण्यासारखा होता. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्या मुलास पांच वर्षें दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति जाहीर केली. सरकारनें त्याच्या शिक्षणाचा आणि सरावाचा भार उचलण्याचें सांगितलें. सत्कारांस तर गणना राहिली नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलानें यानंतर जेथें जेथें फळी हातीं धरावी तेथें तेथें लोकांनीं हजाराचीच अपेक्षा करावी, आणि चाळीस धांवा काढल्या तर निराश व्हावें, असें झालें. पुढल्या वर्षीं धांवा मनाजोग्या होईनात. तेव्हां, आपला मुलगा सध्यां त्या योग्यतेचा खेळ करीत नाहीं, सबब शिष्यवृत्ति थांबवावी, असें त्याच्या वडिलांनींच असोसिएशनला लिहून कळविलें. रिक्षा चालवून घर चालविणाऱ्या मनुष्यानें दरमहा येणारे दहा हजार रुपये स्वतःहून थांबविले! त्या प्रकरणांतील सर्वांत मोठें कर्तृत्व आमच्या मतें हेंच. हजार धांवांचीं चित्रें सर्वांनीं छापलीं. या पत्राचें मोल किती जणांस वाटलें?

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आणखी एक गोष्ट घडली. कल्याणच्या सुभाष मैदानावर केंद्र सरकारच्या एका मंत्र्यांचें हेलिकॉप्टर उतरावयाचें होतें, म्हणून मैदान मोकळें करण्यास सांगण्यांत आलें. सरावास आलेल्या मुलांनीं हरकत घेतली, बोलाचाली झाली आणि हजार धांवांच्या त्याच मुलास पोलिसांनीं कांहीं वेळ ताब्यांत घेतलें. पोलिसांची बाजू निराळी होती. तिच्या खोलांत आम्ही शिरत नाहीं. ध्यानांत घेण्याची गोष्ट एवढीच कीं, ते मंत्री मनुष्यबळ विकास खात्याचे, म्हणजे शिक्षणाचेच होते. जानेवारींत ज्या मुलाचा सत्कार झाला त्यास डिसेंबरांत खेळावयास चार हात जागा मागतांना पोलीस ठाणें पाहावें लागलें.

मैदानाचा प्रश्न आमच्या भागांत जुना आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दींत सुमारें साडेबारा लाख लोक राहत होते. या लोकांच्या मुलांस खेळावयास जीं मैदानें आहेत तीं हाताच्या बोटांवर मोजावीं, आणि त्यांवर खेळाखेरीज काय काय होतें तें दोन्ही हातांच्या बोटांवरहि मावणार नाहीं. पुढाऱ्यांच्या सभा, प्रदर्शनें, महोत्सव, गरबे, लग्नाचे मांडव! डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलांत फेब्रुवारी २०१७ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. कार्य थोर होतें. परंतु सरस्वतीचा मांडव पडला तरी जागा मुलांचीच गेली. मांडव उठतो तेव्हां मागें खड्डे, खिळे आणि कचरा राहतो, आणि तो वेंचण्यास प्रथम येतात तीं मुलेंच.

ही टंचाई दैवानें आलेली नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें शहराच्या विकास आराखड्यांत क्रीडांगणासाठीं जमिनी राखून ठेवतां येतात. पण आरक्षण म्हणजे मैदान नव्हे. दहा वर्षांत जमीन ताब्यांत घेतली गेली नाहीं, तर कलम १२७ अन्वयें मालक नोटीस देऊं शकतो, आणि मुदतींत पालिकेनें हालचाल न केल्यास आरक्षण उठतें. म्हणजे मैदान नाहींसें करण्यास कोणी वाईट कृत्य करण्याचीहि गरज नाहीं. कोणी कांहींच न केलें तरी पुरे. आळसाइतका स्वस्त बिल्डर दुसरा नाहीं!

गांवांत मैदान नाहीं म्हणून मुलास गाडींत बसावें लागतें. अजिंक्य रहाणे हे डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयाचे विद्यार्थी. लहानपणीं पाठीवर पिशवी टाकून आगगाडीनें एकट्यानें मुंबईस सरावास जात असल्याची आठवण त्यांनीं सांगितली आहे. डोंबिवलीहून बोरीबंदर सुमारें ४८ किलोमीटर; गर्दी कसली असते तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो मुलगा पुढें भारताचा कर्णधार झाला आणि २०२० च्या डिसेंबरांत मेलबर्नला शतक काढून त्यानें हरत आलेली मालिका सांवरली. हें ऐकून प्रत्येक बापाच्या मनांत आपलाहि मुलगा त्या गाडींत बसतो. पण त्याच डब्यांत पिशवी घेऊन बसलेल्या आणि पुढें ज्यांचें नांव कोणी ऐकलें नाहीं अशा मुलांचीं वर्षें कोणाच्या खात्यांत मांडावयाचीं? त्यांच्या आयांच्या पहांटा कोणी मोजल्या?

आतां व्यवहाराकडे वळूं. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत मराठवाडा पाण्यावांचून तडफडत होता. लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच सुमारास आय. पी. एल. चे सामने मुंबई, पुणें आणि नागपूर येथें व्हावयाचे होते. मैदानांस लागणाऱ्या पाण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत याचिका आली, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे असा हुकूम झाला. मैदानावरचें पाणी वांचवून लातूरची तहान भागणार नाहीं, असें क्रिकेटवाल्यांचें म्हणणें होतें, आणि हिशेबानें तें खोटें नव्हतें. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची त्यांची तयारीहि होती. परंतु शेजारीं सुतक असतांना आपण आपल्या दारीं सनई लावीत नाहीं. सनई थांबविल्यानें गेलेला मनुष्य परत येतो म्हणून नव्हे. न्यायालयास जें सांगावें लागलें तें घराघरांतून आजीस ठाऊक असतें.

‘दिव्’ धातूंतलें द्यूत २०१३ सालींच उघडें झालें होतें. त्या वर्षीं आय. पी. एल. मध्यें पैजा आणि ठरवून टाकलेले चेंडू यांचें प्रकरण निघालें. २०१५ सालीं न्यायमूर्ति लोढा यांच्या समितीनें चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांच्या मालकीस दोन वर्षांची बंदी घातली. आणि जुलै २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याच समितीच्या सुधारणा मान्य केल्या. मंत्र्यांनीं आणि सरकारी नोकरांनीं क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी होऊं नये, सत्तर वर्षांवरील मनुष्य पदावर नसावा, असे नियम त्यांत होते. एकाच माणसानें खुर्ची सोडूं नये याविरुद्धचीं कांहीं बंधनें २०२२ सालीं न्यायालयाच्या संमतीनें पुनः सैल झालीं. खुर्चीस न्यायालयापेक्षां धीर अधिक असतो.

पुढारी खेळाच्या गादीवर कां बसतात, याचें उत्तर मुंबईच्या वानखेडे स्टेडियमच्या जन्मकथेंत आहे. ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें. सामन्यांच्या तिकिटांच्या वाट्यावरून तो क्लब आणि मुंबईची असोसिएशन यांचा वाद विकोपास गेला. असोसिएशनचे प्रमुख शेषराव वानखेडे हे विधानसभेचे अध्यक्षहि होते. त्यांनीं सुमारें तेरा महिन्यांत हाकेच्या अंतरावर दुसरें स्टेडियम उभें केलें आणि जानेवारी १९७५ मध्यें तेथें कसोटी सामना झाला. सरकारदरबारीं वजन नसतें तर हें घडतें ना. पुढें मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख असे तीन मुख्यमंत्री झालेले गृहस्थ त्या गादीवर आले. २०११ च्या निवडणुकींत देशमुखांनीं ज्यांस हरविलें ते दिलीप वेंगसरकर शंभराहून अधिक कसोटी सामने खेळलेले होते. पुढाऱ्यामुळें जागा मिळते, परवाना मिळतो, वीज मिळते, हें खरें. आणि त्यामुळेंच खेळाडूस खेळाच्या घरांत पाहुण्यासारखें वागावें लागतें, हेंहि तितकेंच खरें.

ऑगस्टांत दहीहंडीचा वाद सर्वोच्च न्यायालयांत होता. २०१४ सालीं उच्च न्यायालयानें वीस फुटांहून उंच थर नकोत आणि अठरा वर्षांखालील मुलें नकोत असें ठरविलें होतें. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें सैल करण्याचें नाकारलें. २०१७ सालीं मात्र उंचीचें बंधन गेलें आणि वयाची मर्यादा चौदांवर आली. या उत्सवाची राजधानी म्हणजे आमचें ठाणें. टेंभी नाक्यापासून वर्तकनगरापर्यंत ज्या हंड्या लागतात त्यांच्या फलकांवर बाळकृष्ण लहान आणि पुढारी मोठा असतो. लक्षावधि रुपयांचीं बक्षिसें असतात. २०१२ सालीं ठाण्यांत नऊ थरांचा विक्रम झाला; २०२५ सालीं ठाण्यांतच दहा थर लागले. २०२२ सालीं राज्य सरकारनें या उत्सवास साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांस खेळाडूंच्या पांच टक्के राखीव जागांचा लाभ जाहीर केला. त्याबरोबरच थरावरून पडून कोणी मेल्यास १० लाख, आणि हातपाय वा डोळे गेल्यास त्याहून कमी, असा भरपाईचा तक्ताहि जाहीर केला. तक्ता दयेनेंच केला असेल. पण ज्या खेळाची घोषणा करतांना मुलाच्या मरणाची किंमतहि सांगावी लागते, त्या खेळाचा दहावा थर कोणाच्या मुलांनीं उभारावयाचा, हें एकदां पाहावें. वरच्या थरावर फलकावरल्या पुढाऱ्यांचीं मुलें सहसा दिसत नाहींत. आणि खरें सांगावयाचें तर, आमच्या वाचकांचींहि नाहींत.

“पूर्वीं खेळ शुद्ध होता, राजकारण आतां शिरलें,” असें आमच्या वयाचे लोक म्हणतात. तें खरें नाहीं. मुंबईची चौरंगी स्पर्धा १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदु आणि मुसलमान अशा संघांतच होई. १९३७ सालीं इतरांचा पांचवा संघ आला. १९४० सालीं गांधीजींनीं जातवारी संघांस विरोध दर्शविला, आणि १९४६ सालीं ती स्पर्धा बंद पडली. जमातींच्या नांवानें मैदान वाटून घेणें हेंहि राजकारणच होतें.

आणि घरांतलें राजकारण त्याहून जुनें. पाळवणकर बाळू हे चांभार समाजांत जन्मलेले डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांवर गडी बाद केले. पुण्याच्या हिंदु संघास त्यांची गोलंदाजी हवी होती; चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर उभें करून मातीच्या भांड्यांत चहा देत, तें फोडून टाकतां येई म्हणून. त्यांना हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं त्यांच्या बंधूंनीं या अन्यायास्तव संघाबाहेर राहून निषेध केला, तेव्हां कोठें वातावरण हाललें, आणि १९२३ सालीं धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. तीं भांडीं कोणत्या घरच्या लोकांनीं निराळीं ठेवलीं, हें आमच्या वाचकांनीं ओळखावें. त्याच पुण्यांत प्रो. दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राचें कर्णधारपद भूषवीत. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें लागोपाठ दोनदां रणजी चषक जिंकला. देवधरांचा अभिमान आपण सर्व जण बाळगतों. बाळूंचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आपणांस अजून मिळवावयाचा आहे.

इतका खर्च सांगितला. जमेची बाजूहि सांगितली पाहिजे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कुस्तींत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें पदक. जाण्यास पैसे नव्हते. सरकारकडून पुरेशी मदत झाली नाहीं. तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर ७००० रुपयांस गहाण ठेवलें. परत आल्यावर खाशाबांनीं कुस्त्या भरवून, त्यांत जिंकून, तें घर सोडविलें. आणि २०१६ सालींच, ज्या ऑगस्टांत इकडे थरांचा वाद चालला होता त्या ऑगस्टांत, रिओ येथें साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धांवली. १९८४ सालीं पी. टी. उषा धांवल्या त्यानंतर ऑलिंपिकांत धांवण्याची अंतिम फेरी गांठणारी भारतीय स्त्री हीच. तिचा क्रमांक दहावा आला; पदक नाहीं म्हणून मिरवणुका थोड्या निघाल्या. पण पाण्यासाठीं मैलोगणती चालणाऱ्या मुलखांतून धांवत निघालेली मुलगी जगांतल्या पहिल्या दहांत आली, ही जमा लहान नव्हे.

आतां आमच्या भगिनींच्या प्रश्नास उत्तर. खेळापायीं घरानें किती द्यावें? आमच्या मतें चार कसोट्या लावाव्या.

पहिली, मुलास आनंद आहे कीं नाहीं. धातूच्या दहा अर्थांत ‘मोद’ आहे. तो जेथें आटला तेथें उरतो तो केवळ व्यवहार. हरून आलेला मुलगा संध्याकाळीं पुनः चेंडू घेऊन अंगणांत गेला तर समजावें कीं त्याचा खेळ जिवंत आहे. दारांत पाऊल टाकतांच ‘किती धांवा?’ हा प्रश्न आठवडाभर कोणीं विचारूं नये, म्हणजे हें ओळखूं येईल.

दुसरी, शाळा सुटतां कामा नये. येथें आम्ही आजोबांच्या बाजूचे, पण निम्मेच. अभ्यास आणि खेळ यांत एकास बंदी घातली तर दुसरा सुधारतो असा अनुभव आम्हांस छत्तीस वर्षांच्या शिक्षकींत आला नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस मुंबई आणि उरलेले दिवस गांवांतच सराव, अशी विभागणी तेराव्या वर्षास पुरेशी आहे. पंधराव्या वर्षीं पुनः विचार करावा.

तिसरी, खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा. आणि खर्च म्हणजे केवळ पैसा नव्हे. एकत्र कुटुंबांत शिष्यवृत्तीचें कौतुक सर्वांचें आणि पहांटेचा डबा एकटीचा, ही वांटणी न्यायाची नाहीं. मुलानें मुंबईस जावें असें ज्या वडिलांस वाटतें त्यांनीं निदान तीन दिवस चारला उठावें. काकांनीं स्टेशनापर्यंत सोबत करावी. एक महिना असें केल्यावरहि घराचा उत्साह टिकला तर मुलास खुशाल पाठवावें. टिकला नाहीं, तर तो उत्साह जाऊबाईंच्या झोंपेवर चालला होता असें समजावें.

चौथी, त्या घरांत पांच मुलें आहेत असें पत्रांत आहे. त्यांत मुली किती हें लिहिलेलें नाहीं. मुली असतील तर एका मुलाच्या सरावासाठीं जेवढें घर हलतें त्याच्या निम्म्यानें तरी त्यांच्यासाठीं हलावें. त्यांस विक्रम करावयाचा नसेल; नुसतें धांवावयाचें असेल. धांवावयास मिळालें पाहिजे.

राहिली मैदानाची गोष्ट. ती एका घराच्या हातची नाहीं, पण प्रत्येक घराच्या मताची आहे. आपल्या प्रभागांत क्रीडांगण म्हणून राखलेल्या जागा कोणत्या, त्या ताब्यांत घेतल्या कीं नाहीं, आणि कोणत्या आरक्षणाचीं दहा वर्षें भरत आलीं, हें पालिकेच्या विकास आराखड्यावरून आणि माहितीच्या अधिकाराच्या एका अर्जावरून कोणासहि काढतां येतें. निवृत्त मंडळींस याहून चांगला उद्योग आम्हांस तरी सुचत नाहीं. सत्तरीच्या गृहस्थास क्रिकेट मंडळाची खुर्ची नको असली, तरी हा अर्ज लिहिण्यास वयाची अट नाहीं. आणि पुढल्या खेपेस उमेदवार मत मागावयास दारीं येतील तेव्हां त्यांस बसवावें, चहा द्यावा आणि एवढेंच विचारावें कीं, आमच्या प्रभागांतलें मैदान गेल्या वर्षीं किती दिवस मुलांस मोकळें होतें? मोघम उत्तर घेऊं नये. दिवसांचा आंकडा मागावा, आणि तो वहींत लिहून ठेवावा.